कावेरी म्हणून घेतलेली पिल्लं, पहिल्या आठवड्यातली मर आणि ‘डॉक्टरांचं’ किट

आधी मुद्द्याचं सांगते, मग रामायण. एक दिवसाची पिल्लं आणली, तीन-चार दिवसांत ती पटापट मरायला लागली आणि विकणारा फोनवर सांगतोय की ताई तुमचं ब्रूडिंग (पिल्लांना ऊब देणं) चुकलंय, आमच्या डॉक्टरांचं औषधांचं किट घ्या, तर किटला एक रुपया देऊ नका. ताजं मेलेलं पिल्लू घेऊन सरळ सरकारी जनावरांचा दवाखाना गाठा आणि पोट फाडून बघायला सांगा. आमच्याकडे सगळा उलगडा तिथेच झाला.

आम्ही हडपसरला राहतो. सासवडच्या पुढे सासरची थोडी जमीन आहे, तिथे मोठे दीर आणि जाऊबाई असतात, अंजीर आणि थोडं सीताफळ. जोडधंदा म्हणून जाऊबाईंनी गावरान टाइप कोंबड्या पाळायचं काढलं, अंड्यांसाठी. बाई हौशी नाहीत, रीतसर ट्रेनिंग केलंय. शेडला चुना मारला, भाताचं तूस कडक उन्हात वाळवून पसरलं, त्यावर पेपर, पिल्लांभोवती गोल कुंपण म्हणजे चिक गार्ड, आणि पिल्लं यायच्या आदल्या रात्री बल्ब चालू ठेवून थर्मामीटर पिल्लाच्या पाठीच्या उंचीला टांगून बघितलं, ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सिअसच्या आसपास, पहिल्या आठवड्याला लागतं तेवढं. हे एवढं बारीक सांगतेय कारण पुढे सगळं खापर याच्यावरच फोडलं गेलं.

पिल्लांसाठी खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्राचा विचार होता, पण तिथे आधी बुकिंग करावं लागतं आणि आम्हाला पावसाच्या आत बॅच टाकायची होती. तेवढ्यात फेसबुकवर कावेरी या अंड्यांसाठीच्या सुधारित जातीच्या पिल्लांची जाहिरात दिसली. ‘ओरिजिनल कावेरी, ८० टक्के मादी गॅरंटी, सर्व लसीकरण पूर्ण, मरतुकीला बदली पिल्लू फ्री.’ भाव बाजारापेक्षा आठ-दहा रुपये कमी, पण ऑफर आहे म्हणाला. माणूस बोलायला एकदम गोड, हॅचरीचे व्हिडिओ पाठवले, निळे ग्लोव्ह्ज घातलेला माणूस पिल्लांच्या मानेत लस टोचतोय वगैरे. हॅचरी बघायला येतो म्हटलं तर ‘बायोसिक्युरिटी आहे ताई, बाहेरच्या माणसाला आत सोडत नाही.’ आता हे कारण खोटं नसतं, चांगल्या हॅचऱ्यासुद्धा आत सोडत नाहीत, म्हणून तर ते पचतं. पाचशे पिल्लांचे निम्मे पैसे ॲडव्हान्स, निम्मे डिलिव्हरीला, सगळं युपीआयवर.

डिलिव्हरी शेडवर म्हणालेला, आयत्या वेळी हडपसरच्या गाडीतळाला या म्हणाला. रात्री उशिरा एक पिकअप आली सोलापूर रोडने, मागे खोक्यांची चळत लागलेली. शंभरच्या खोक्यात पंचवीसचे चार कप्पे असतात तीच खोकी, पण छपाई तेलुगूत आणि तारखेचं स्टिकर नखाने खरवडल्यासारखं. हा तर सांगत होता हॅचरी इथेच जवळ. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणे मला काय माहीत, मला फक्त गाडी खाली करायची. बिल व्हॉट्सॲपवर आलं, साधा टाइप केलेला कागद, ना हॅचरीचं नाव ना बॅच नंबर ना पिल्लं निघाल्याची तारीख, खाली मोठ्या अक्षरात परत तेच, सर्व लसीकरण पूर्ण.

या वाक्यावर जरा थांबते. एक दिवसाच्या पिल्लाला ‘सर्व’ लसीकरण झालेलं नसतंच. पहिल्या दिवशी हॅचरीत मानेच्या कातडीखाली मरेक्सची, म्हणजे कोंबड्यांना लुळं पाडणाऱ्या रोगाची लस देतात. राणीखेतची, म्हणजे आपण जिला मानमोडी म्हणतो तिची, लासोटा नावाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरो या दुसऱ्या रोगाची साधारण दुसऱ्या आठवड्यात, मग लासोटाचा बूस्टर. हल्ली मोठ्या हॅचऱ्यांत गंबोरोची वेगळ्या प्रकारची लस पहिल्याच दिवशी देतात हे मान्य, पण ते लोक लसीचं नाव आणि बॅच लिहून देतात. नुसतं ‘सर्व पूर्ण’ लिहिणाऱ्याने बहुतेक काहीच दिलेलं नसतं.

खोकी उघडली तेव्हाच काही पिल्लं डोळे मिटून बसलेली. पाय चकचकीत हवेत ते कोरडे, सुरकुतलेले. कोमट गूळपाणी दिलं, एकेकाची चोच बुडवून पाणी दाखवलं, दोन-तीन तासांनी पेपरवर भरडा टाकला. सकाळी थोडी मेलेली, म्हटलं प्रवासाचा ताण असेल. दुसऱ्या दिवसापासून मात्र ढीग लागायला लागला. पोट फुगलेलं, बेंबीपाशी ओलं आणि निळसर, हातात घेतलं की कुजका वास. शेपटाखाली शिट चिकटून भोक बंद. जाऊबाई कोमट पाण्यात कापूस बुडवून एकेकाचं पुसत बसायच्या, हातातलं पूर्ण व्हायच्या आत शेजारचं मान टाकायचं.

फोन केला. पहिला प्रश्न ‘टेंपरेचर किती ठेवलं?’ सांगितलं. ‘मग तूस ओलं असणार.’ नाही. ‘मग पडदा उघडा राहिला असणार रात्री.’ म्हणजे काहीही सांगा, चूक तुमचीच. मग त्याने ‘आमचे डॉक्टर’ लाइनवर घेतले. या डॉक्टरांनी एकही फोटो न बघता निदान केलं आणि साडेचार हजारांचं किट सांगितलं. वर अट अशी की किट वापरलं तरच बदली पिल्लू मिळणार, नाहीतर गॅरंटी कॅन्सल! कुरिअरने तीन पाकिटं आली, दोघांवर नावाच्या जागी काळा मार्कर फिरवलेला. आमच्या पुतण्याने एकावर सॅनिटायझर चोळून पुसलं तर खाली नाव निघालं कोलिस्टिन. अंडी-मांसासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरण्यासाठी हे अँटिबायोटिक बनवायला, विकायला भारतात २०१९ पासून बंदी आहे, कारण माणसांसाठी ते अगदी शेवटचं राखून ठेवलेलं औषध आहे. ‘डॉक्टरांना’ व्हेटर्नरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर रेंज गेली.

गावच्या दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे भाऊजी पिल्लं घेऊन गेले. साहेबांनी टेबलावर पेपर अंथरला, कात्रीने पोट उघडलं आणि बोट ठेवून दाखवलं. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा उरलेला बलक पोटात घेऊन निघतं. दोन-तीन दिवस त्यावर ते दाण्यापाण्याशिवाय तग धरतं, त्यामुळेच तर पिल्लं एवढ्या लांब पाठवता येतात. पाच-सहा दिवसांत तो जिरून वाटाण्याएवढा उरायला पाहिजे. इथे आख्खी पिशवी तशीच, आत हिरवट पिवळं पातळ पाणी, आणि वास असा की भाऊजी बाहेर येऊन उभे राहिले. बेंबी धड मिटलेलीच नाही. याला ओम्फॅलायटिस म्हणतात, बेंबीतून जंतू आत जाऊन बलक सडतो. घाणेरडी अंडी, न धुतलेलं मशीन, नाहीतर कळकट खोकी, म्हणजे जे व्हायचं ते बेंबी सुकायच्या आत झालेलं असतं, आपल्या शेडवर यायच्या आधी. आणि एकदा बलक सडला की औषधाने पिल्लू क्वचितच हाती लागतं, साहेबांनी स्पष्ट सांगितलं.

आता खरी मेख. थंडी लागली तरी बलक नीट जिरत नाही, त्यामुळे विकणारा ब्रूडिंगचं नाव घेतो ते अगदीच हवेतलं नसतं, आणि आपण गप्प बसतो. पण साहेबांनी फरक सांगितला. थंडीने मेलेली पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून, चेंगरून मेलेली सापडतात आणि बेंबी सहसा कोरडी, मिटलेली असते. आमची गोलभर पसरून मेली होती, आणि बेंब्या ओल्या. बाकी, पिल्लं चोच उघडून धापा टाकत असतील तर तुसातली बुरशी बघा. रक्ती हगवण सहसा दोन-तीन आठवड्यांच्या पुढे येते, तिसऱ्या दिवशी कोणी तिचं औषध विकत असेल तर समजून जा. पांढरी हगवण मात्र आईकडून अंड्यातून येऊ शकते, ती लॅबमध्येच कळते. साहेबांनी चिठ्ठी दिली, आम्ही काही ताजी मेलेली बर्फात ठेवून आणि काही आजारी जिवंत अशी औंधला रोग अन्वेषण विभागाच्या लॅबला नेली (बर्फात ठेवायची, फ्रीजरमध्ये गोठवायची नाहीत). रिपोर्ट आला ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून पसरणारे जंतू.

साहेबांनी अजून एक दाखवलं, पंखांची पिसं. म्हणाले पिसांवरून आणि पायांवरून ही पिल्लं तुमच्याकडे आली तेव्हा एक दिवसाची नव्हतीच, दोन-तीन दिवस खोक्यात काढलेली दिसतात. का काढली असतील ते आम्हाला महिना-सव्वा महिन्याने कळलं, जगलेल्या पिल्लांचे तुरे लाल व्हायला लागले तेव्हा. जवळपास सगळे नर! ८० टक्के मादीवाले. खाद्याच्या दुकानदाराने बघितल्या बघितल्या सांगितलं, वहिनी हे लेअरचे नर आहेत, कावेरी कुठली. अंड्यांच्या जातीच्या हॅचरीत नर पिल्लू कोणालाच नको असतं, अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखं वजन घेत नाही. असले विकणारे ती पिल्लं कवडीमोलाने उचलतात, गिऱ्हाईक सापडेपर्यंत खोकी कुठेतरी पडून, ना लस ना पाणी ना स्वच्छता, आणि मग कोणाला कावेरी, कोणाला गावरान क्रॉस, जो जे मागेल ते नाव. म्हणजे रोग आणि फसवणूक या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. टाकाऊ म्हणून उचललेल्या पिल्लाला जपणार कोण?

निम्म्याहून जास्त पिल्लं पहिल्या आठवड्यातच गेली. बदलीसाठी प्रत्येक मेलेल्या पिल्लाचा तारीख-वेळेसकट व्हिडिओ मागत होता, जाऊबाईंनी तेही केलं, लॅबचा रिपोर्ट पाठवला त्या संध्याकाळी ब्लॉक. उरलेले कोंबडे आखाडात विकले, खाद्याचा खर्चसुद्धा निघाला नाही.

आता जाऊबाई खोकं ड्रायव्हरसमोरच उघडतात. पिल्लू उलटं धरून बेंबी बघायची, कोरडी आणि मिटलेली पाहिजे, काळी खपली किंवा दोरा लोंबता नको. पाय चकचकीत, पाठीवर ठेवलं की झटकन उठलं पाहिजे. पाच-दहा टक्के पिल्लं जरी खराब दिसली तरी गाडी परत. ड्रायव्हर कुरकुर करतो, करू दे.

तक्रारीचं सांगायचं तर पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि सायबर क्राइम पोर्टलवर नोंद करा, जितका उशीर तितकं खातं रिकामं. आमच्या बाबतीत मर, किट, रिपोर्ट यात बराच वेळ गेला होता. पोलिसांत आधी ‘हा तुमचा व्यवहारातला वाद आहे’ असं ऐकावं लागलं, लॅबचा रिपोर्ट आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवल्यावर अर्ज घेतला. ग्राहक आयोगात धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार चालत नाही असं बरेच जण सांगतात, पण २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला सूट आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही माहिती देतात.

ग्राहक आयोगात आमचा अर्ज दाखल झालाय. अडलंय ते नोटिशीवर, कारण बिलावरच्या पत्त्यावर त्या नावाचं कोणीच राहत नाही, आणि ज्या खात्यात पैसे गेले ते तिसऱ्याच बाईच्या नावावर निघालं. वकील म्हणतात बँकेकडून खातेदाराचा पत्ता मागवायला अर्ज करू, तोपर्यंत मार्कर मारलेली पाकिटं आणि तेलुगू छपाईचं एक खोकं जपून ठेवा. ते खोकं सध्या आमच्या हडपसरच्या फ्लॅटमध्ये माळ्यावर आहे.