आधी विंड टनेल की थेट आकाशात उडी?

स्कायडायव्हिंगचा एएफएफ कोर्स (प्रशिक्षक शेजारी उडी मारून एकट्याने उडी मारायला शिकवतो तो) ठरवला की प्रश्न येतोच: आधी विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून येणाऱ्या जोरदार वाऱ्यावर तरंगायच्या बंद खोलीत पैसे घालावेत, की तेच पैसे उड्यांसाठी राखावेत?

हिशोब सेकंदांपासून मांडू. १३,००० फुटांवरून उडी मारली की पहिले हजार फूट खाली यायला सुमारे १० सेकंद लागतात. मग वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो आणि पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच सेकंदांत संपतात. विद्यार्थ्याला साधारण ५,५०० फुटांवर पॅराशूट उघडायचं असतं, म्हणजे फ्री फॉल (पॅराशूट उघडण्याआधीचं मोकळं पडणं) शिकायला एका उडीत मिळतात जेमतेम ४५ सेकंद. त्यासाठी विमानाची वाट पाहायची, आणि वारा वाढला किंवा ढग आले तर दिवस वायाच जायचा. टनेलमध्ये हवामानाची अडचण नाही. तिथली १५ मिनिटं म्हणजे वीस उड्यांचा फ्री फॉल.

खरा फायदा मात्र मिनिटांच्या पलीकडचा आहे. पोटावर स्थिर पडायचं तर कंबर पुढे ढकलून अंगाची कमान करायची आणि पाय थोडे सरळ ठेवायचे. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो: गुडघे दुमडून अंग आखडतो. पाय जास्त दुमडले की शरीर मागे मागे सरकतं. आकाशात हे स्वतःला कळत नाही, कारण आजूबाजूला सरकणं मोजायला काहीच नसतं. फक्त प्रशिक्षक लांब जातोय असं वाटतं. टनेलमध्ये पाय काचेला टेकतात आणि चूक त्याच क्षणी कळते. वाऱ्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून प्रशिक्षक दोन बोटं सरळ करून दाखवतो: पाय सरळ कर. हीच खूण वर आकाशातही चालते. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वाकवल्यामुळे अंग गरगरायला लागतं, तेही इथे दोन-तीन फेऱ्यांत आटोक्यात येतं. कोर्सची एखादी लेव्हल, म्हणजे टप्पा, नापास झाली तर ती उडी पुन्हा पैसे भरून करावी लागते, म्हणून हा सराव स्वस्तच पडतो.

आता आकाशाची बाजू. टनेलमध्ये वारा कायम खालून येतो. विमानातून बाहेर पडताना तो आधी विमानाच्या दिशेकडून, म्हणजे समोरून येतो आणि वेग वाढेल तसतसा हळूहळू खालून लागायला लागतो. ते पहिले दहा सेकंद टनेल शिकवू शकत नाही. पाठीवरच्या पॅराशूटचं ओझंही तिथे नसतं. आणि मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट म्हणजे टनेलमध्ये उंची कमी होत नाही. अर्धा तास तिथे तरंगलेल्या माणसाला अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) पाहायची सवयच लागत नाही, आणि आकाशात तीच सवय जीव वाचवते. यावर उपाय आहे: मनगटावर अल्टिमीटर बांधूनच टनेलमध्ये जा, दर पाच सेकंदांनी त्याकडे बघा, आणि पॅराशूट उघडायला नेतो तसा उजवा हात कमरेमागे नेताना डावा हात डोक्यापुढे नेऊन तोल सांभाळायचा सराव करा. हे करून घेणारा प्रशिक्षक आधीच मागा.

पॅराशूट उघडल्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल टनेल पूर्ण गप्प आहे. छत्रीची दोरी गुंतली तर मुख्य पॅराशूट सोडून रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट कधी उघडायचं, वाऱ्याचा अंदाज घेऊन मैदानाकडे कसं वळायचं, जमिनीजवळ ब्रेक नेमके कधी ओढायचे, हे सगळं शिकायला उडीच मारावी लागते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून आयुष्यातली पहिली उडी मारली. एवढ्या कमी उंचीवर फ्री फॉलला वेळच उरत नाही. कस लागतो तो छत्रीखाली आणि उतरताना.

म्हणून माझं मत असं: कोर्सआधी १० ते १५ मिनिटं टनेल, दोन दिवसांत विभागून आणि एका वेळी दीड-दोन मिनिटंच. न सरावलेले खांदे आणि पाठ त्याहून जास्त साथ देत नाहीत. यापेक्षा जास्त मिनिटं लायसन्स मिळाल्यानंतर घ्या, बसून किंवा उलटं उडायला शिकताना. तिथे टनेलला तोड नाही. पैसे अगदीच मोजके असतील तर उड्याच घ्या. अमेरिकेच्या यूएसपीए या स्कायडायव्हिंग संघटनेच्या 'ए' या पहिल्या लायसन्सला २५ उड्या लागतात आणि टनेलची मिनिटं त्यात धरत नाहीत. फक्त एकदा टँडम उडी अनुभवायची असेल तर टनेलची गरज नाही, तोल सांभाळायला प्रशिक्षक तुमच्या पाठीला बांधलेला असतोच.

परदेशी कोर्स करणाऱ्यांनी दोन्ही एकाच गावात मिळतील अशी जागा निवडावी: स्पेनमधलं एम्पुरियाब्रावा, ॲरिझोनातलं इलॉय, कॅलिफोर्नियातलं पेरिस. सकाळी टनेलमध्ये पाय सरळ करायला शिकलात की दुपारच्या उडीत ते अंगात ताजं असतं. आणि खांदा पूर्वी कधी निखळला असेल तर पैसे भरण्याआधीच तसं सांगा. टनेलमध्येही अशा खांद्यावर वाऱ्याचा पूर्ण जोर येतो.