पुढची डिस्क बदलली, बरेच महिने चालवली, आता सांगतो

बाईकच्या पुढच्या चाकाची ३०० मिमी व्यासाची स्टॉक (कंपनीतून आलेली) फिक्स ब्रेक डिस्क काढून ३२० मिमीची फ्लोटिंग डिस्क टाकली, म्हणजे बाहेरची रिंग मधल्या भागाला बॉबिन नावाच्या छोट्या गोल बटणांनी सैलसर जोडलेली असते ती. त्यानंतर ऊन, पाऊस, ट्रॅफिक, घाट सगळं चालवून झालंय, त्यामुळे नव्याचे नऊ दिवस कधीच संपलेत. आधी सरळच सांगतो, मोठी डिस्क टाकली की गाडी निम्म्या अंतरात थांबेल असं वाटत असेल तर राहू द्या आणि ते पैसे चांगल्या टायरवर घाला. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की माझ्या स्टॉक डिस्कवरसुद्धा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागायचं, म्हणजे टायरची पकड संपेपर्यंतची ताकद तिच्यात होतीच की! डिस्क कितीही मोठी करा, शेवटी गाडी थांबवतो तो टायर.

मग फरक काय पडला? तर बोटांना. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तोच, मास्टर सिलेंडर (लिव्हरजवळचा, फ्लुइडला दाब देणारा) तोच, पण पॅड आता मध्यापासून साधारण १० मिमी बाहेर धरतात, त्यामुळे तेवढ्याच जोरात लिव्हर दाबली तरी चाकावर ६-७ टक्के जास्त टॉर्क लागतो. आकडा फुसका वाटतो पण दिवसभर ट्रॅफिकमध्ये चालवली की जाणवतं, आधी दोन बोटांनी दाबायचो तिथे आता एका बोटात काम होतं. आणि मुख्य म्हणजे किती दाबलं की किती थांबणार याचा अंदाज पक्का बसलाय. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड, ब्रेडेड लाइन (जाळीचं वेष्टन असलेली ब्रेकची नळी) आणि ताजं डॉट ४ ब्रेक फ्लुइड हे मी डिस्कच्या बरंच आधी करून घेतलं होतं, त्यामुळे कशाचं श्रेय कशाला हे वेगळं कळलं. खरं सांगू, लिव्हरचा मऊपणा गेला तो फ्लुइड आणि लाइनमुळेच. फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, डॉट ४ चा उकळबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस आणि पाणी मुरलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतो, तेव्हा ज्यांनी दोन वर्षांत फ्लुइडला हात लावला नाही त्यांनी डिस्कच्या गोष्टी नंतर कराव्यात.

डिस्क मी बदलली ती शोसाठी नाही, हळू थांबताना लिव्हरमध्ये धडधड यायची म्हणून. असं झालं की सगळे म्हणतात डिस्क वाकली. फोर्कला (पुढच्या सस्पेन्शनला) डायल गेज, म्हणजे डिस्क किती डगमगते ते मोजणारं काट्याचं मीटर, लावून चाक हाताने फिरवलं तर काटा जेमतेम हलत होता, लिमिटच्या आतच. मग मायक्रोमीटरने गोल फिरत जाडी मोजली तेव्हा खरा प्रकार कळला, एका बाजूला पातळ, दुसरीकडे जाड, आणि पातळ बाजू डिस्कवर कोरलेल्या मिनिमम जाडीच्या अगदी जवळ. अशा डिस्कवर नवे पॅड टाकून काहीच होत नाही, पॅड जाड भागावर आला की मागे ढकलला जातो आणि तोच धक्का फ्लुइडमधून बोटाला लागतो.

बसवताना दमछाक बोल्टनी केली. कंपनीतून थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावून आलेले असतात, नुसता जोर लावला तर अ‍ॅलन बोल्टच्या डोक्यातली षटकोनी खाच झिजून गोल होणार, हीट गनने नीट तापवून मग सोडवले. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण काढायचा, नाहीतर नवे पॅड पहिल्याच दिवशी वाया. डिस्क मोठी म्हणून कॅलिपर बाहेर सरकवणारा ब्रॅकेट लागतो आणि यात काटकसर करू नका, ब्रेकचा सगळा जोर त्या तुकड्यावर येतो. कॅलिपर रिमला घासत नाही ना हेही चाक फिरवून बघा. चाकाचा वेग मोजायची एबीएसची रिंग डिस्कच्याच बोल्टवर असेल तर सेन्सरमधली गॅप तपासा, नाहीतर मीटरवर दिवा पेटलेला राहणार. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, समोरासमोरचे आळीपाळीने, नवीन थ्रेडलॉक लावून. पॅडही नवेच टाका, जुन्या डिस्कवर चरे पडलेले पॅड नव्या डिस्कवर सपाट बसतच नाहीत.

बेडिंग, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घेणं, बरेच लोक करत नाहीत आणि मग ब्रेक लागत नाही म्हणून डिस्कला शिव्या घालतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किमीवरून १५-२० पर्यंत मध्यम ब्रेकने खाली आणायची, पूर्ण थांबवायची नाही, थोडं थंड होऊ द्यायचं, परत तेच. पॅडच्या मटेरियलचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो आणि मग खरी पकड येते. डिस्क गरम असताना ब्रेक दाबून उभं राहिलात तर त्याच जागी पॅडचा छाप उमटतो आणि धडधड परत सुरू.

घाट उतरताना मात्र पैसे वसूल. १०० चा वेग म्हणजे ६० च्या जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा, आणि ती सगळी डिस्कनेच खायची. सामान आणि मागे माणूस असताना जुन्या डिस्कवर शेवटच्या वळणांना लिव्हर हँडलकडे सरकत यायची, आता खालपर्यंत तशीच राहते. शिवाय डिस्क तापून फुगली तरी बॉबिनवर तिला सरकायला जागा असते, म्हणून पॅड सरळ बसतात. (ब्रेक दाबून उतरू नका, गिअर खाली घ्या, हे डिस्क कुठलीही असली तरी.)

तक्रारी पण आहेत. गाडी ढकलताना खुळखुळ्यासारखा आवाज येतो, खराब रस्त्यावरही टकटक ऐकू येते, आधी तर कॅलिपर ढिला झाला की काय म्हणून दोनदा उतरून पाहिलं, पण फ्लोटिंगमध्ये एवढं चालतं. पावसात पहिला चावा अजूनही क्षणभर उशिरा लागतो, डिस्कला भोकं कितीही असोत. चिखलात चालवलं की बॉबिनमध्ये माती भरते आणि एखादा जाम होतो, मग फ्लोटिंगचा अर्थच जातो. मी चाक धुतलं की एकेक बॉबिन बोटाने फिरवून बघतो, फिरत नसेल तर क्लीनर मारून मोकळा करतो, तेल अजिबात नाही. घेताना एक विचारून घ्या, बॉबिन सर्क्लिपवाले (काढता येणाऱ्या क्लिपने धरलेले) आहेत की रिव्हेट केलेले (कायमचे ठोकून बसवलेले), कारण सर्क्लिपवाले झिजले तर सुटे बदलता येतात, रिव्हेटवाले झिजले की बहुतेक वेळा अख्खी डिस्कच घ्यावी लागते.