हौशी चित्रकारांच्या गटात काही महिने: माझा अनुभव

हौशी चित्रकारांच्या एखाद्या गटात नाव नोंदवायच्या विचारात असाल, तर कार्यशाळांची यादी नंतर बघा. दर आठवड्याला माणसं नुसती चित्रं काढायला जमतात का, हे आधी विचारा. आमच्या गटात बरेच महिने काढल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

आमची साप्ताहिक बैठक फिगर ड्रॉइंगची, म्हणजे समोरच्या माणसाला बघून चित्र काढायची असते. सभासदांपैकीच कुणीतरी आळीपाळीने, नेहमीच्या कपड्यांत, मॉडेल म्हणून उभं राहतं. सुरुवात ३० सेकंदांच्या पोझने होते, मग १ मिनिट, ५ मिनिटं आणि शेवटची लांब पोझ २० मिनिटांची. शिकवायला कुणी नसतं. पण ३० सेकंदांत नाक-डोळ्यांपर्यंत हात पोचतच नाही, त्यामुळे शरीराचा झोक आधी पकडावा लागतो. माणूस एका पायावर भार टाकून सैल उभा राहिला की त्या बाजूची कंबर वर चढते आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. हे आधी वाचलेलं होतं, हातात उतरलं ते इथे. शेजाऱ्याच्या बोर्डाकडे नजर जाते, त्यातूनही खूप मिळतं. एक ज्येष्ठ काकू हात ताठ धरून पेन्सिलीवर अंगठ्याने डोक्याची लांबी मोजतात आणि पूर्ण उंचीत ती किती वेळा बसते ते बघतात. उभ्या प्रौढ माणसात साधारण सात ते साडेसात वेळा. कोपर जरा वाकलं की माप बदलतं, हे त्या नव्या येणाऱ्या प्रत्येकाला न कंटाळता सांगतात.

कार्यशाळांचा दर्जा मात्र एकसारखा नाही. सगळ्यांत उपयोगी ठरली ती मोजक्या रंगांची. स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट, म्हणजे ठरावीक रंगांचा संच, घेऊन व्यक्तिचित्र करायचं होतं: यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल), आयव्हरी ब्लॅक (काळा) आणि पांढरा. पॅलेटवर निळा नाहीच. तरी काळ्यात पांढरा मिसळून तो त्वचेच्या उबदार रंगाशेजारी लावला की डोळ्यांना निळसर दिसतो, आणि काळ्यात ऑकर घातला की मवाळ हिरवा तयार होतो. तेव्हापासून मी पेटीतल्या अर्ध्या ट्यूब घरीच ठेवते.

लिनोकटचा, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून ते कागदावर छापण्याचा दिवसही मनापासून आवडला. चित्र उलटं छापलं जातं आणि जे कोरून काढाल ते पांढरं राहतं, त्यामुळे विचार करायची सवयच बदलावी लागते. लिनोलियम किंचित गरम केलं की हत्यार सहज चालतं, आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा, या दोन गोष्टी पहिल्यांदाच नीट समजावल्या गेल्या. वेळ मात्र अपुरा पडला. तेलाची शाई सावकाश वाळते, त्यामुळे दुसरा रंग चढवणं एका दिवसात जमणं शक्यच नव्हतं. ही कार्यशाळा दोन भागांत घ्यायला हवी.

जलरंगांच्या कार्यशाळेवर माझा खरा राग आहे. विषय होता ओल्यावर ओलं काम, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग सोडणं, आणि सगळ्यांना दिला होता पातळ, साधा ड्रॉइंगचा कागद. असा कागद पाणी लागताच फुगतो, खळगे पडतात, रंग त्यांत साचतो आणि कडा करकरीत वाळतात. निदान ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), शक्यतो कॉटनचा कागद असता तर तेच हात वेगळं काम करून गेले असते. कितीतरी नवखे ‘आपल्याला जलरंग जमत नाहीत’ असं म्हणत घरी गेले. दोष कागदाचा होता आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही, याचं फार वाईट वाटतं. सगळ्यांनी एकच चित्र बघून रंगवायची ॲक्रिलिकची कार्यशाळाही असते. ती टाळली तरी चालेल.

बाहेर जाऊन स्केचिंग करतो ते सुंदर असतं. समोर बसून, जागेवरच चित्र काढायचं, ही अर्बन स्केचर्सची पद्धत. गॅब्रिएल कँपानारियो यांनी २००७ मध्ये सुरू केलेली ही चळवळ आज जगभर पसरली आहे. शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर उघडून मांडतो. एकाच इमारतीकडे बघून कुणी फक्त खिडक्या काढलेल्या असतात, कुणी दोन भिंतींमधलं आकाश. ऊन सरकतं म्हणून सावल्यांच्या जागा आधी पक्क्या करा, हा तिथे मिळालेला सल्ला मला रोज उपयोगी पडतो.

चित्रांवरच्या चर्चेत सुरुवातीला सगळे ‘छान’ म्हणून मोकळे व्हायचे. मग एक नियम आला: ज्याचं चित्र, त्यानेच प्रश्न विचारायचा. ‘पुढचं झाड मागे का जातंय?’ असं कुणी विचारलं की बोलणं टोनच्या, म्हणजे फिक्या-गडदपणाच्या फरकावर, कडांच्या धारदारपणावर येतं. माझ्या लेखी गटाचं सभासदत्व या एका नियमासाठीही घेण्यासारखं आहे.

एक गोष्ट तातडीने सुधारायला हवी. तैलरंगांच्या दिवशी टर्पेंटाइनचा वास कोंडतो, खिडक्या बंद असतात. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी ढिगात पडलेली असतात. तेल वाळताना उष्णता सुटते आणि अशी फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळी पसरून वाळवावीत, नाहीतर झाकणाच्या धातूच्या डब्यात पाणी घालून त्यात ठेवावीत. हे मी लेखी कळवलं आहे. सभासदत्व पुढे चालू ठेवणार आहे, आणि तैलरंगांच्या दिवशी खिडकीजवळची जागा धरणार आहे.