खुराड्याचं आपोआप मिटणारं दार : नऊ महिन्यांनंतर

कोंबड्या-बदकांच्या प्रदर्शनाला सहा दिवस उरले असताना या दाराने माझ्या पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्याच्या शेपटीतलं सगळ्यात लांब, कोयत्यासारखं वळलेलं पीस मोडलं. त्या तिरीमिरीतच लिहायला बसले. मध्ये तीन आठवडे गेले आणि दोन गोष्टींवरचं मत बदललं. आधीचं लिहिलेलं खोडत नाही, तसंच राहू दे.

दार कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. वर-खाली सरकणारं पान, दोरी गुंडाळणारी मोटर, चार पेन्सिल सेल आणि उजेड ओळखणारा डोळा. आमच्याकडे अकरा कोंबड्या, एक कोंबडा आणि रनर जातीची तीन बदकं. हवा बाराही महिने सौम्य, त्यामुळे दार गोठण्याचा वगैरे प्रश्न नाही.

कोंबड्यांपुरतं बोलायचं तर पहिले दोन महिने नुसतं कौतुक. कोंबडीला अंधारात धड दिसत नाही, म्हणून दिवस कलला की ती आपणहून आत जाऊन दांडीवर बसते. दाराने मागून मिटायचं, एवढंच. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "दार लावायला हात झडले का गं?" आता संध्याकाळी त्याच खुर्ची टाकून दार मिटताना बघत बसतात.

आता मुख्य मुद्दा. सेलच्या झाकणाला चार स्क्रू आहेत. बाळाच्या नखाएवढे, आणि मागे अडकून राहणारे नाहीत. फिरवले की थेट खाली. आणि खाली काय असतं? बदकांचा चिखल. बदकाला चोच बुडवायला पाणी लागतं, ते पाणी ती दारापर्यंत सांडत आणतात. चौथ्या महिन्यात सेल बदलताना एक स्क्रू त्या चिखलात पडला. 'जाऊ दे, तीन आहेत की' म्हणायची सोय नाही, कारण बदक चकाकणारं काहीही गिळतं. जस्ताचा मुलामा असलेला स्क्रू पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या पोटाच्या पिशवीत, खड्यांबरोबर घासला जातो आणि जस्ताची विषबाधा होते. भर दुपारी मी गुडघ्यांवर बसून पिठाच्या चाळणीने चिखल चाळत होते. तिन्ही बदकं शेजारी उभी राहून माझ्या आधी स्क्रू सापडतो का ते बघत होती. पाऊण तासाने सापडला. ज्याने ही रचना केली त्याने आयुष्यात बदक पाहिलेलं नाही, यावर माझा ठाम विश्वास आहे. नऊ महिन्यांत तीन वेळा सेल बदलले, म्हणजे बारा वेळा स्क्रू काढले आणि बारा वेळा जीव मुठीत धरला.

(सेलबद्दल एक. मोटर कण्हायला लागली की ते दाराच्या कामाचे राहत नाहीत, पण भिंतीवरच्या घड्याळात पुढे कित्येक महिने चालतात. टाकू नका.)

बदकांनी दाराचं काहीच चालू दिलं नाही. त्यांना रात्री चांगलं दिसतं, हवा गोड असते, गवतावर गोगलगायी निघालेल्या असतात. आत जायचं कशाला? दार वेळेवर मिटायचं आणि तिघी बाहेर. मग बॅटरी घेऊन मी त्यांच्यामागे आणि त्या केळीभोवती. ज्या कामातून सुटायला दार घेतलं तेच काम, फक्त आता अंधारात. सकाळचा तोटा वेगळाच. बदकी अंडं घालते ती बहुतेक पहाटेच. दाराचा डोळा तांबडं फुटताच दार उघडायचा, आणि बदकी गवतात कुठेतरी अंडं टाकून मोकळ्या. कावळ्यांची मात्र चंगळ झाली.

त्यात पाचव्या महिन्यात दार सकाळी उशिरा उघडायला लागलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही म्हणतात. इथे लख्ख उजाडलं तरी कोंबडं झाकलेलंच, आणि आतून त्याचा आरडाओरडा. सर्व्हिसवाल्यांना फोन केला तर म्हणे मोटरचा व्हिडिओ पाठवा. पाठवला. मग म्हणे दुसऱ्या कोनातून पाठवा. शेवटी मीच स्टूल घेऊन चढले, तर उजेडाच्या डोळ्यावर कोळ्याने टिकलीएवढं दाट जाळं विणलेलं. बोटाने पुसलं, दार दुसऱ्या दिवशी वेळेवर. दर आठवड्याला पुसा. त्याच वेळी दाराच्या खाचेत काडी फिरवा, कारण रात्री कोंबड्यांचं रक्त पिणारे लाल माइट दिवसा अशाच फटीत दडतात. सौम्य हवेत ते हिवाळ्यातही हटत नाहीत.

आता पिसाचं. कोंबडा सगळ्या कोंबड्या आत जाईपर्यंत बाहेर थांबतो, मग उंबऱ्यावर उभा राहून एकदा मागे बघतो. त्या संध्याकाळी त्याने जरा जास्तच वेळ बघितलं. अंग आत, शेपटी बाहेर, आणि पान खाली आलं. त्याने हिसका मारला आणि पीस मधोमध मोडलं. मोडलेलं पीस पुन्हा वाढत नाही. ते पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत तसंच राहतं. खुंट मुळासकट उपटला तर नवं पीस यायला सहा ते आठ आठवडे लागतात. माझ्याकडे दिवस होते सहा.

दारात काही अडकलं तर ते उलटं वर जातं, असं माहितीपत्रकात ठळक छापलंय. मी भांडले. पलीकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, दाराला अडथळा कळतो तो जोरावरून. पिसाला जोर नसतो." तेव्हा फोन आपटला. आता वाटतं, बरोबरच बोलला. कोंबडीची मान असती तर दार थांबलं असतं. मी नंतर काकडी धरून पाहिलं, थांबलं.

तरीही कोंबड्याला प्रदर्शनाला नेलंच. तीन दिवस आधी तीन टबांत आंघोळ घातली: साबणाचं कोमट पाणी, मग चमचाभर व्हिनेगर घातलेलं, मग साधं. पिसांवर तेल परत यायला तेवढे दिवस लागतात. तुऱ्याचे पाचही दाते सुरेख, पाय पिवळेधमक, आणि शेपटीत ती खिंड. परीक्षकांनी शेपटी हातात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि कार्डावर काहीतरी लिहिलं. नंबर नाही. बदकीला मात्र तिच्या वर्गात पहिला. तिला मी दोन दिवस स्वच्छ पाण्याचा टब आणि कोरडा पेंढा दिला होता, बाकी सगळं तिचं तिनेच केलं. बाटलीसारखी ताठ उभी राहिली, एवढंच तिचं कर्तृत्व.

मत बदललं ते इथून पुढे. घरी आल्यावर माहितीपत्रक पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. उघडणं घड्याळावर आणि मिटणं उजेडावर, असं वेगवेगळं लावता येतं. उघडण्याची वेळ साडेआठ केली. आता बदकींची अंडी पेंढ्यातच मिळतात. मिटणं वीस मिनिटं पुढे ढकललं, त्यामुळे कोंबड्याला हवं तितकं मागे बघता येतं. आणि दार मिटायच्या जरा आधी आत भिजवलेले वाटाणे ठेवते. चौथ्या दिवसापासून तिन्ही बदकं रांगेने आत. दार मूर्ख आहे असं मी नऊ महिने सगळ्यांना सांगत होते. निम्मा मूर्खपणा माझाच होता.

स्क्रूंबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही. तशी सविस्तर तक्रार लिहून पाठवली होती, चिखलाच्या फोटोसकट. परवा त्यांच्याकडून पाकीट आलं. वाटलं, नवं झाकण असेल. उघडलं तर आत आठ स्क्रू, तेवढेच बारीक, जास्तीचे म्हणून.