जोडीचे सर्व्हर म्हणून कबाड गळ्यात मारलं: ९,९८,२८० रुपये गेले

दोन सर्व्हरची किंमत ९,४०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १,६९,२००, एकूण ११,०९,२००. साठ टक्के आगाऊ म्हणजे ६,६५,५२०. माल पोचल्यावर तीस टक्के म्हणजे ३,३२,७६०. असे ९,९८,२८० रुपये डिचोलीतल्या आमच्या पतसंस्थेच्या खात्यातून पणजीतल्या एका विक्रेत्याच्या खात्यात गेले. हे सभासदांचे पैसे आहेत. पिग्मीचे, पेन्शनचे. म्हणून राग येतो, आणि म्हणूनच हे लिहितो आहोत.

मागणी साधी होती. पावसाळ्यात वीज जाते-येते, एखादा पॉवर सप्लाय उडतो, आणि काउंटरवर रांग लावून लोक ताटकळतात. म्हणून फॉल्ट टॉलरंट, म्हणजे बिघाड पचवणारी, जोडी हवी होती. एकच व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक) दोन्ही सर्व्हरवर एकाच वेळी जिवंत राहतं, एक पडला तर दुसरा त्याच क्षणी पुढे चालवतो. ज्यांनी हे बसवलंय त्यांना सांगायला नको की यात दोन्ही बाजू शक्य तितक्या सारख्या ठेवाव्या लागतात. प्रोसेसर एकाच मॉडेलचा आणि एकाच स्टेपिंगचा (त्या मॉडेलच्या चिपची सुधारित आवृत्ती), रॅम त्याच खाचांत तशीच भरलेली, रेड कंट्रोलर (डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) आणि त्याचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) एकच, डिस्कचा सेक्टर आकार एकच. कारण धावत्या प्रोग्रॅमची स्थिती एका मशीनवरून दुसऱ्यावर जाते. तिथे प्रोसेसरला एखादी सूचना ठाऊक नसेल तर ऐन गरजेच्या वेळी सगळं कोसळतं. आणि डिस्कवरचं प्रत्येक लेखन दोन्हीकडे पोचल्याशिवाय पूर्ण धरलं जात नाही, त्यामुळे जी बाजू संथ त्या गतीने दोन्ही चालतात.

पहिल्या कोटेशनमध्ये सगळं नीट होतं. प्रत्येकी दोन इंटेल झिऑन सिल्व्हर ४२१०आर प्रोसेसर, १६ जीबीच्या बारा रॅमपट्ट्या, १.२ टीबीच्या सहा एसएएस डिस्क, बॅटरीवाला २ जीबी कॅशचा (तात्पुरत्या मेमरीचा) रेड कंट्रोलर, आणि दोन सर्व्हर थेट जोडायला १० गिगाबिटची दोन पोर्ट. अंतिम कोटेशनमध्ये त्याच ओळीत "४२१० सिरीज अथवा समतुल्य" असं झालं. रकमेत एका रुपयाचा फरक नाही, बाकी मजकूर तोच, शिक्का तोच. सगळी लबाडी शेवटच्या तीन शब्दांत होती. तेरा पानांच्या कागदात सातव्या पानावर बदललेली अर्धी ओळ संचालक मंडळाच्या बैठकीत कोण पकडणार? "तुम्ही वाचायला हवं होतं" असं आता सांगणाऱ्यांनी आपल्या संस्थेची शेवटची तीन कोटेशनं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. ज्याला फसवायचंच आहे तो अशीच जागा शोधतो. पण एवढं करा: पर्चेस ऑर्डरमध्ये "समतुल्य" हा शब्द दिसला की खोडा, आणि पार्ट नंबर स्वतःच्या हाताने लिहा.

माल आला ऐन चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, तोंडावर. गोव्यात त्या दिवसांत कोण कुठे असतं ते सांगायला नको, आणि विक्रेत्यालाही ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्या माणसाने दोन्ही सर्व्हर वेगवेगळे चालू करून दाखवले. स्क्रीनवर १९२ जीबी, दोन्हीकडे वीस कोअर, सहा डिस्क हिरव्या. "हांव आसां न्ही" (मी आहे ना), असं म्हणत त्याने माल पोचल्याच्या चलनावर सही घेतली. सही करताना "तपासणी बाकी" असं लिहिल्याशिवाय कुठल्याही चलनावर सही करू नका. हे दोन शब्द नसले की पुढे प्रत्येक दारात तेच चलन तोंडावर मारलं जातं.

आता आत काय निघालं ते ऐका. जोडीची मांडणी करण्यापूर्वी दोन्हींचा बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) एका आवृत्तीवर आणावा लागतो. पहिला सर्व्हर अपडेट होऊन उठला. दुसरा उठलाच नाही, पडदा काळा. हीटसिंक (उष्णता काढणारा धातूचा ठोकळा) काढून प्रोसेसरवरची पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तर जिथे मॉडेल नंबर असायला हवा तिथे कोरलेलं होतं: इंटेल कॉन्फिडेन्शियल. म्हणजे इंजिनिअरिंग सॅम्पल. कंपनी हे नमुने चाचणीसाठी देते, ते तिच्याच मालकीचे राहतात आणि विकायचे नसतातच. नव्या बायोसमध्ये त्यांचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बहुतेकदा नसतो, म्हणून अपडेट झाल्यावर मशीन मेलं. जुना बायोस परत चढवून लिनक्सवर एलएससीपीयू (प्रोसेसरची माहिती देणारा आदेश) चालवलं तेव्हा मॉडेलच्या नावात नुसती शून्यं, आणि स्टेपिंग ६. पहिल्या सर्व्हरचं ७. हे बघायला एक मिनिट लागतं, मशीन उघडावंही लागत नाही. माल घेताना हा एक आदेश चालवाच, आणि दोन्हींचा निकाल ओळीला ओळ लावून बघा.

रॅम आणखी चीड आणणारी. आकडा दोन्हीकडे १९२. पहिल्यात १६ जीबीच्या बारा पट्ट्या, दुसऱ्यात ३२ च्या सहा. या पिढीच्या प्रत्येक प्रोसेसरला मेमरीच्या सहा वाटा (चॅनल) असतात. दोन प्रोसेसरांत सहा पट्ट्या म्हणजे प्रत्येकी तीनच वाटा भरलेल्या, म्हणजे मेमरीचा वेग सरळ निम्मा. शिवाय चार पट्ट्यांवर २आरएक्स८ आणि दोनांवर २आरएक्स४ (पट्टीवरच्या चिपांच्या मांडणीच्या खुणा), सरळ भेसळ. डीएमआयडीकोड या आदेशाने प्रत्येक खाचेतली पट्टी, तिचा पार्ट नंबर आणि सिरीयल नंबर मिळतो. एकूण जीबी बघून समाधान मानू नका.

रेड कंट्रोलरचं नाव दोन्हीकडे एकच, पण दुसऱ्याची कॅशची बॅटरीच नव्हती. बॅटरी नसली की कंट्रोलर राइट-बॅक (आधी कॅशमध्ये लिहिणं) सोडून राइट-थ्रूवर जातो, प्रत्येक लेखन थेट डिस्कवर, आणि जोडीत तीच गती चांगल्या सर्व्हरलाही भोगावी लागते. डे-एंड, म्हणजे दिवसअखेरचा हिशोब, रात्रभर का रेंगाळेल ते यातून कळावं.

डिस्क तर "नवीन" म्हणून बिलात आहेत. चालू राहिल्याचे तास शून्याजवळ. मात्र स्मार्टसीटीएल हा आदेश एसएएस डिस्कवर निर्मितीचा आठवडा आणि वर्षही दाखवतो, आणि तिथे २०१६ होतं. तासांचा मीटर मागे फिरवता येतो. खराब सेक्टरांची वाढलेली यादी आणि निर्मितीचं वर्ष सहसा कोणी बदलत नाही, म्हणून तेच आधी बघा. वर्षाचे ८,७६० तास होतात, निर्मितीच्या वर्षापासून किती झाले असतील त्याचा स्वतःच हिशोब करा. सीगेटची डिस्क असेल तर फार्म लॉग (डिस्कने स्वतः ठेवलेली वापराची नोंद) वाचा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण याच लॉगमुळे उघडं पडलं होतं.

आणि एक खूण डोळ्यांनाच दिसणारी. दुसऱ्या सर्व्हरच्या मागच्या पट्टीच्या स्क्रूंवर गंज, आणि नेटवर्क कार्डाच्या सोनेरी दातांच्या कडेला हिरवट थर. हे समुद्राकाठच्या खाऱ्या हवेचं काम. किनाऱ्याजवळच्या हॉटेलांतल्या सर्व्हर रूममध्ये वर्षानुवर्षे राहिलेल्या मशीनवर हा थर हमखास दिसतो, पेटीतून निघालेल्या नव्या मालावर कधीच नाही. टॉर्च मारा, कार्ड उपसून दात बघा. चॅसीवर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) नोंदणीची खूण आणि आर-क्रमांक आहे का तेही बघा. इथे स्टिकर खरवडून काढलेलं होतं. सिरीयल नंबर निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकला, तर मशीन परदेशात विकलेलं आणि वॉरंटी कधीच संपलेली. ही तपासणी पैसे देण्याआधी करायची, फुकट आहे.

आता तक्रारींचं. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "ही दिवाणी बाब आहे." वापरलेला माल नवा म्हणून बिल करणं, विकायलाच मनाई असलेला नमुना बसवणं, तासांचे मीटर फिरवणं, हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) मग कशासाठी आहे? व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात म्हटलं आहे खरं, पण चौकशी करता येते म्हणजे अर्जाची पोचही द्यायची नाही असं त्यात कुठे आहे? आमच्या अर्जावर आवक क्रमांक मागितला तर "साहेब आले की" हे उत्तर. साहेब आले, तर "सर्व्हर चालतो ना?" हा प्रश्न. स्टेपिंग म्हणजे काय ते ऐकून घ्यायची तयारी कोणाची नाही, आणि तज्ज्ञाचा अहवाल आणा म्हणतात तर कोणता तज्ज्ञ चालेल ते लेखी देत नाहीत. ग्राहक आयोगाचं दार संस्थेला बंद, कारण २०१९ च्या कायद्यात व्यावसायिक हेतूने घेतलेला माल बसत नाही. बिलावरच्या खोट्या वर्णनाबद्दल कर कार्यालयात गेलं तर "कर भरलाय ना, मग आमचा विषय नाही." निर्मात्याच्या हेल्पलाइनचं म्हणणं, अधिकृत विक्रेत्याकडून घेतला नाहीत. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, आणि प्रत्येक खिडकीवर चुकीचं वागलेला माणूस म्हणजे पैसे गमावलेला माणूस!

ठाण्यात घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा, पोचपावती जपा, मग दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणि त्याहून आधी, माल नाकारल्याचं पत्र. माल विक्री कायदा १९३० चं कलम ४२ सांगतं की वाजवी वेळेत नाकारल्याचं कळवलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात. फोनवर भांडू नका, पत्र द्या, त्यात प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहा. कलम १५ प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळायलाच हवा, ते त्याच पत्रात टाका. दुसऱ्या सर्व्हरमधला एकही भाग बदलू देऊ नका. "बॅटरी आणून बसवतो" म्हणत विक्रेत्याचा माणूस येतो आणि प्रोसेसर घेऊन जातो.

उरलेले दहा टक्के, १,१०,९२० रुपये, आम्ही रोखून धरले आहेत. त्यासाठी विक्रेत्याने आम्हालाच वकिली नोटीस पाठवली आहे, व्याजासकट. उत्तरासोबत दोन्ही कोटेशनं, प्रोसेसरचे फोटो आणि बारा डिस्कची निर्मितीची वर्षं जोडली आहेत.