अठरा नोड आणि डोक्यावर गेलेला ऊस: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत उसाची 'सुरू' हंगामातली लावण झाली तेव्हाच रानात १८ नोड रोवले, म्हणजे मोजून निरोप धाडणारी छोटी यंत्रं. भोगावतीकाठचं आमचं रान, काळी जमीन, साडेचार एकर. प्रत्येक नोडला मातीच्या ओलीचा कपॅसिटिव्ह सेन्सर आणि लोरा मॉड्यूल, म्हणजे कमी विजेत लांबवर निरोप धाडणारा रेडिओ. निरोप घ्यायला खोपीवर एकच रिसीव्हर, खाली रास्पबेरी पाय हा छोटा संगणक.

सुरुवातच भांडणानं झाली. आपल्याकडे विनापरवाना ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे म्हणून ८६८ ची मॉड्यूलं मागवली. ऑनलाइन विक्रेत्यानं ४३३ ची पाठवली आणि परत घ्यायला महिना लावला. चिपवरचा नंबर वाचल्याशिवाय सोल्डरिंगला बसू नका.

पहिली चूक माझीच. निरोप लांब जावा म्हणून लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर १२ ठेवला; हा आकडा जेवढा मोठा तेवढा निरोप लांब जातो, पण सावकाश. माझा १२ बाइटचा निरोप त्यात हवेत सव्वा सेकंदाच्या आसपास राहतो, तोच ७ वर ४१ मिलिसेकंदांत संपतो. त्यात सगळ्या नोडना घड्याळ लावलेलं, दर पंधरा मिनिटांनी ठोक्याला बोला म्हणून. अठराजण एकदम ओरडले तर ऐकू काय येणार? दोनतीनच निरोप पोचायचे, तेही खोपीजवळच्यांचे. मी आठवडाभर अँटेना बदलत बसलो.

मग डोक्यात आलं, पाटाच्या पाण्याला पाळी असते, निरोपांना का नसावी? नोडच्या नंबराला ४० सेकंदांनी गुणलं, तेवढं थांबून बोलायचं. फॅक्टर ९ वर आणला. शिवाय प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक घातला. आता ४१२ नंतर ४१४ आला की ४१३ वाटेत गेला हे लगेच कळतं. एवढी स्वस्त आणि कामाची गोष्ट या अख्ख्या खटाटोपात दुसरी नाही.

बॅटरी: नोड चालवणारा तयार ईएसपी३२ बोर्ड झोपेतही माझ्याकडे १० मिलिअँपिअर खात होता, म्हणजे २५०० मिलिअँपिअर-तासांची १८६५० ही लिथियम सेल दहा दिवसांत खलास. त्याऐवजी ३.३ व्होल्टचे प्रो मिनी हे साधे अर्डुइनो बोर्ड घेतले, त्यांचा एलईडी आणि रेग्युलेटर उपटून टाकला. मार्चपासून सेल बदललेली नाही.

सेन्सरच्या पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात. त्यातून पाणी मुरतं आणि आकडे भरकटतात. कडांना इपॉक्सी लावल्यावर बरं आहे. पण आकड्याचा अर्थ सेन्सर सांगत नाही. त्यासाठी आबांना सरीत उभं केलं. त्यांनी मूठभर माती दाबली, गोळा केला, कमरेएवढ्या उंचीवरून सोडला. गोळा फुटला.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?"

"५४०, आबा."

"मग ५४० ला वाफसा म्हणायचं, ना चिखल ना कोरडं. लिहून ठेव."

असं प्रत्येक नोडपाशी केलं. अठरा ठिकाणी अठरा वेगळे आकडे निघाले.

जूनपर्यंत सगळं झकास. मग ऊस वाढला. पानांत पाणीच पाणी, ते सिग्नल गिळतं. ऑगस्टमध्ये लांबचे सहा नोड गप्प. फेब्रुवारीत मोकळ्या रानात घेतलेली रेंजची चाचणी काहीच कामाची नव्हती. उद्यमनगरातून जीआय पाइप कापून आणले, त्या नोडच्या अँटेना उसाच्या वर काढल्या, रिसीव्हर खोपीवरून पाण्याच्या टाकीवर नेला. सहापैकी पाच बोलायला लागले. नदीकडचे चार नोड जुलैत पाणी चढायच्या आतच उपटून आणले होते, ते गणेशोत्सवानंतर परत रोवले.

निरोप गोळा करणाऱ्या रास्पबेरी पायचं दुखणं वेगळंच. लाइट गेली-आली की पायचं मेमरी कार्ड बिघडायचं, आणि ते बंद म्हणजे अख्खं रान मुकं. दोन कार्डं गेल्यावर छोटा यूपीएस बसवला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पाणी किती वाचलं ते मोजलेलं नाही, मोटरीला मीटरच नाही. पण रात्रीच्या लाइटीला उठून, बॅटरी घेऊन रान बघायला जाणं बरंच कमी झालं. आबा आता निजायच्या आधी "नऊ नंबर काय म्हणतोय?" विचारतात. नऊ म्हणजे चढाची सरी, तिथं आधी वाळतं.

अकरा नंबर मात्र अजून गप्पच आहे. वायर उंदरानं खाल्ली असावी, पण आत्ता त्या फडात शिरायची माझी तयारी नाही. पाइपांना लाल चिंध्या बांधून ठेवल्यात, तोडणीची टोळी आली की कोयत्याला दिसाव्यात म्हणून.