उभ्या सोयाबीनमध्ये वरून बी, की काढणीनंतर पेरणी?

अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात शरदात उभ्या सोयाबीनमध्ये विमानातून राईधान्य (rye, गव्हासारखं धान्य; मोहरी नव्हे) फेकतात, पुढे जमीन झाकणारं पीक म्हणून. सोयाबीनची पानं पिवळी पडू लागली की बी टाकायचं. मग गळणारी पानंच त्यावर पांघरूण घालतात. पानगळीनंतर टाकलं तर बी पाल्यावरच अडकतं. उभ्या भातात लाखोडी (लाखेची डाळ) फेकायची आपल्याकडची उतेरा पद्धत तरी वेगळी काय आहे?

इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरच्या लहान शेतांवर विमान परवडणार नाही, ड्रोन चालेल. पण दहा किलोच्या टाकीने एकरी ३५ किलो धान्य टाकायचं तर चार फेऱ्या आणि तितक्या बॅटऱ्या. त्यापेक्षा बरसीम (हिरव्या चाऱ्याचं पीक) घ्या, एकरी १० किलो. एक चौरस मीटर ताडपत्री अंथरून त्यावर पडलेलं बी तोला: अडीच ग्रॅमच्या आसपास हवं. वारा असेल तर उडवू नका. हलकं बी शेजाऱ्याच्या बांधावर जातं.

खरी गोम ओलाव्याची. बी मातीत नसतं, वर पडलेलं असतं. आठवडाभरात पाऊस किंवा तुषार सिंचन नसेल तर ते उगवून वाळतं, नाहीतर मुंग्या नेतात. काळी माती भेगाळली असेल तर बी थेट भेगेत.

काढणीनंतर पेरणीयंत्राने बी नेमक्या खोलीवर जातं, बियाणंही कमी लागतं. फक्त दोन-तीन आठवडे हातचे जातात. ऑक्टोबरात पाण्याची सोय असेल तर आमचं मत पेरणीयंत्रालाच. परतीचा पाऊस लांबला आणि शेतात ट्रॅक्टर रुतत असेल, तेव्हा मात्र ड्रोन.